मढ्याचं दार

उबाल्दो सकाळी माडीवर घसरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका डोंगरावरच्या त्या तटबंदीच्या गावाच्या वेशीखालीच अडली. त्या कमानीतून लादलेल्या गाढवापेक्षा रुंद काही आजवर आत आलेलं नाही. तिच्यातल्या माणसांनी स्ट्रेचर उभं धरून कसंबसं वर आणलं, पण उबाल्दोसकट ते वाकड्या जिन्यात वळेना. उरलं एकच, माडीवरून थेट वरच्या गल्लीत उघडणारं मढ्याचं दार. गावातल्या जुन्या घरांना असं एक अरुंद दार असतंच. त्यातून फक्त मेलेला माणूस जातो, मग ते पुन्हा विटांनी बुजवतात.

शेजारचा क्विंतो गवंडी पहार घेऊन आला.

"हात लावशील तर याद राख!" उबाल्दो पलंगावरून ओरडला. "त्या दारातून जिवंत गेलेला परत येत नाही. सरदार जेंतीलेचं काय झालं? वेढ्यातून निसटायला मढ्याचं सोंग घेऊन असाच निघाला आणि बुरुजाखालच्या विहिरीपाशी कोसळला!"

त्याच्या बायकोने, झेलिंदाने, कपाळाला हात लावला. "अरे, ही गोष्ट तूच रचलीस ना? बुरूज बघायला आलेल्या त्या जर्मन बायकांपुढे भाव खायला!"

"रचली असेल. पण जन्मभर सांगतोय. आता ती खरी झालीय."

तिला हसू आलं. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आजी, उशीर नको," स्ट्रेचरवाला हळूच म्हणाला, "आत रक्त साठतंय." या थापाड्यावाचून तिला एक दिवसही जगायचं नव्हतं.

ती पलंगावर टेकली. "तू गोष्ट अर्धीच सांगतोस बघ. पुढे जेंतीलेचा धाकटा भाऊ जखमी झाला. त्याला बायकोने त्याच दारातून नेलं, पण डोकं पुढे आणि नजर घराकडे. मढं पाय पुढे करून जातं ना? हा घराकडे बघत निघाला. मृत्यूला वाटलं, हा तर आत येतोय. दिलं सोडून."

उबाल्दोने डोळे बारीक केले. "तुला कुणी सांगितलं हे?"

"तुला ज्याने सांगितलं, त्यानेच."

त्याने क्विंतोला विटा काढायची खूण केली. मग म्हणाला, "तू दारात उभी राहा. मला दिसशील अशी."

क्विंतोने विटा काढल्या. उबाल्दोला डोकं पुढे करून बाहेर काढलं. विटांच्या धुरळ्यात उभी राहून झेलिंदा हाक मारत होती, "ये रे, ये, आत ये!" घड्याळाच्या मनोऱ्यापाशी गल्ली वळली, तो दिसेनासा झाला, तेव्हा कुठे ती हमसून रडली.

द्राक्षांच्या तोडणीला तो काठी टेकत परतला, आणि चार दिवसांत विहिरीपाशी प्रवासी गोळा करून उभाही राहिला. "आणि त्या भावाची बायको! बाई कसली, वाघीण! खुद्द मृत्यूला गंडवलं तिने."

"नाव काय तिचं?" एकाने विचारलं.

उबाल्दोने वर पाहिलं. मढ्याचं दार अजून बुजवलेलं नव्हतं. तिथे उभी राहून झेलिंदा चादर झटकत होती.

"झेलिंदा," तो ठासून म्हणाला. "इतिहास आहे हा. लिहून घ्या."