वाम क्रमांक चारशे बारा

स्वीडनमधल्या ब्लेकिंगेच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जुन्या जहाजाची नोंदवही माझ्याकडे होती. पाणबुडे खाली मापं घेत, प्रत्येक वस्तूला क्रमांकाची पट्टी आवळत, फोटो काढत. मी नावेत बसून सगळं उतरवून घेई. आमची प्रमुख गुनवोर हिचा नियम एकच होता : वहीत चढलेलं खोडायचं नाही.

एके दिवशी पाणी फार गढूळ होतं. सिक्स्तेन या पाणबुड्याने चाचपडतच एका बुधल्याच्या कानाला चारशे बारा क्रमांकाची पट्टी बांधली. वर येऊन म्हणाला, "कान जरा बुळबुळीत होता." मी लिहून टाकलं. संध्याकाळी फोटो पाहिला, तर पट्टी एका जाडजूड वाम माशाच्या कल्ल्यामागे आवळलेली!

"खोडू का?" मी विचारलं.

"अजिबात नाही," गुनवोर म्हणाली. "क्रमांक दिला ना? मग ती वस्तू. लांबी लिही."

लिहिली. ऐंशी सेंटिमीटर. स्थिती उत्तम. 'जागा' या रकान्यापाशी मात्र मी अडले, कारण वाम रोज हलत होती. सिक्स्तेनला रोज तिचा ठावठिकाणा मोजून आणावा लागे. दोन आठवड्यांत नकाशावर चारशे बारा हा आकडा अकरा ठिकाणी झाला. स्टॉकहोमच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं : 'या अकरा वस्तू एकाच संचातल्या आहेत काय?'

मग वाम दिसेनाशी झाली. गुनवोरची झोप उडाली. चौथ्या दिवशी म्हातारा कोळी एवाल्ड धक्क्यावर आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"पोरींनो, तुमचा नंबर माझ्या सापळ्यात आला."

"जिवंत आहे?" गुनवोरने विचारलं.

"धुरी दिलीय."

"एवाल्ड! त्या जहाजातलं सगळं सरकारचं आहे!"

"मग सरकारला विचार, तिच्या पोटात माझंच आमिष कसं निघालं!"

गुनवोरने कागद उलगडून पट्टीवरचा क्रमांक तपासला. मग मला म्हणाली, "लिही. संवर्धन : लाकडाच्या धुरात, चार तास."

पुढच्या सोमवारी स्टॉकहोमहून तपासनीस आला. लुडविग नावाचा, टाय लावलेला, सडपातळ माणूस. त्याने वही वाचली, वाम मोजली, चष्मा पुसला.

"नमुना घ्यावा लागेल," तो म्हणाला आणि शेपटाकडून बोटभर तुकडा कापून खाल्ला.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही," तो म्हणाला.

सिक्स्तेनने राय धान्याचा पाव आणला, एवाल्डने खिशातली बाटली काढली. दुसरा नमुना गुनवोरने घेतला. मला वाटलं होतं ती रडेल; पण डोळे मिटून ती म्हणाली, "मीठ बेताचं आहे. हेही लिही."

मी एका हाताने लिहीत होते. दुसरा हात तेलकट झाला होता.