पिवळी नको, पांढरी दे

धसईला भात कापलेल्या शेतातच कबड्डीची फायनल होती. खेळाला तासभर उरला आणि सरिताच्या हातापायांवर भराभर गांधी उठल्या. गेल्या वर्षी अशाच खाजेवर हाताला लागली ती पिवळी गोळी गिळून ती जांभया देत चढाईला गेली होती, आणि डोळखांबच्या मैनाने तिला सहज धरलं होतं. आता तिने मेडिकलवाल्याला दरडावलंच, "झोप न आणनारी द्या!" दम लागत नाही ना, ओठ सुजले नाहीत ना, हे विचारून त्याने पांढरी दिली.

तेवढ्यात मैनाच दंड खाजवत आली. "दादा, ती पिवळी द्या."

सरिताच्या डोळ्यांसमोर कप चमकला. मग ती ओरडलीच, "ती नको गो, झोप येते! तू टक्क जागी असतानाच तुला हरवनार मी!"