लावलेली तारीख

धनश्रीच्या फोनमध्ये तिची जन्मतारीख मी घातली. तिच्या आईनं, अनितानं, आधार कार्ड माझ्यापुढं ठेवलं होतं. मी चष्मा पुसला आणि कार्डावरचे आकडे एकेक करून फोनमध्ये टिपले. एक, सहा, दोन हजार बारा. टिपताना मला काहीही आठवलं नाही, हेच पुढं मला सगळ्यात जास्त लागलं.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. कारेगावात माझ्या घरामागं पत्र्याच्या तीन खोल्या आहेत, त्यातली कडेची अनिताची. ती रांजणगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. बहुतेक दुसरी शिफ्ट. दुपारी निघते, ती रात्री अकरानंतर येते. नवरा जालिंदर ट्रेलरवर, महिन्यातून दोनदा घरी. त्यामुळं लेकीजवळ फोन हवाच होता, आणि लेकीजवळ फोन म्हटलं की अनिताला धास्ती होती.

"गुरुजी, असं कुलूप घाला की वाईट काय तिच्यापत्तुर यायलाच नको," ती म्हणाली.

"एवढं मोठं कुलूप अजून कुणी बनवलं नाही. जेवढं आहे तेवढं घालू."

नऊनंतर फोन झोपेल अशी वेळ लावली. नवीन अ‍ॅप घ्यायचं तर आधी पालकाची परवानगी, तीही लावली. पण परवानगी मागणारा निरोप जायचा अनिताच्या फोनवर, आणि अनिताचा फोन शिफ्टभर कंपनीच्या गेटजवळच्या लॉकरमध्ये. शेवटी दुसरा पालक म्हणून माझं नाव घातलं. घरातून माझी बायको धुरपदा म्हणाली, "छत्तीस वर्षं पोरं राखली, आता फोन राखा."

पासवर्ड टाकताना मी हाताचा आडोसा केला. धनश्री मान लांब करून बघत होती.

"पहिलं अक्षर दिसलं मला. ड हाय."

"ड नाही."

"मग ध."

माझा चेहरा पडला असावा, कारण ती खो खो हसली. मला पासवर्ड बदलावा लागला.

नंतरचे महिने बरे गेले. संध्याकाळी ओट्यावर बसलो की माझा फोन वाजायचा. धनश्रीला शब्दकोश हवा आहे. मी 'हो' दाबायचो. चित्रांचं अ‍ॅप, हो. कसलासा गाड्यांचा खेळ, नाही. फेब्रुवारीत एका गप्पांच्या अ‍ॅपसाठी निरोप आला. नाव मी कधी ऐकलं नव्हतं. अनोळखी माणसंही तिथं बोलतात असं खाली लिहिलं होतं. मी 'नाही' दाबलं. मार्चमध्ये पुन्हा तेच. नाही. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा आलं तेव्हा धनश्री माझ्यापासून वीस पावलांवर होती. खोलीपुढच्या पत्र्याच्या लोखंडी पाइपला दोन्ही हातांनी लटकली होती. अलीकडं ती रोज लटकायची.

"मनगटं धरतील गं," मी 'नाही' दाबता दाबता म्हणालो.

"व्यायाम हाय, गुरुजी."

"कर, कर. चांगला आहे."

वर्गात एखाद्या पोरानं एकाच गोष्टीसाठी तीनदा हात वर केला असता, तर मी उठून त्याच्या बाकापाशी गेलो असतो. इथं ओट्यावरून उठलोसुद्धा नाही.

मे महिन्यात, शाळा सुरू व्हायला तीनेक आठवडे असताना, एका सकाळी अनिता तिचा फोन घेऊन आली. रात्री शिफ्ट सुटल्यावर तिनं तो लॉकरमधून काढला होता, आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती.

"हे वाचा बरं. मी चार डाव वाचलं. मला वाटतं माझंच चुकतंय."

मी वाचलं. एक जूनला धनश्री तेरा वर्षांची होत आहे. त्यानंतर तिच्या फोनवर पालकांची देखरेख ठेवायची की काढायची, हे ती स्वतः ठरवू शकेल.

"म्हंजी कुलूप तीच काढणार?"

"तिला वाटलं तर."

"आन् मी रोज सात-आठ तास आत, फोन लॉकरात," अनिता म्हणाली. मग माझ्याकडं बघत राहिली. तिच्या बघण्यानंच मला आठवलं.

दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरची दोन शिक्षकांची शाळा. दोन हजार अठराचा जून. ऊस तोडायला आलेली अनिता नवऱ्याबरोबर तिथंच एका शेतकऱ्याकडं कामाला राहिली होती. ती कांद्यात खुरपायची आणि पोर बांधावर बसायची. आदल्या दिवशी पोरीपासून हातभर अंतरावरून साप गेला होता. "गुरुजी, हिला तुमच्या वर्गात बसवून घ्या," एवढंच ती म्हणाली होती. पोर कोपीत, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या खोपटात जन्मलेली, नोंद कुठंच नाही. बघून कळत होतं, चार-साडेचारची असेल. पहिलीला सहा पूर्ण लागत. मी एक जून लिहिली आणि सहा वर्षं मागं मोजली. आमच्या पिढीच्या मास्तरांनी निम्मा तालुका एक जूनला जन्माला घातला आहे. त्यात एक आणखी. शाळेच्या दाखल्यावरून आधार निघालं, पुढं ही माणसं कामासाठी इकडं येऊन माझ्याच खोलीत राहिली, आणि तोच आकडा फिरून माझ्याच हातानं फोनमध्ये गेला.

महिनाभरात ती सगळ्यांच्या आधी वाचायला लागली होती. "माझी सगळ्यात लहान विद्यार्थिनी" म्हणून मी ही गोष्ट कितीतरी जणांना ऐटीत सांगितली होती.

"अनिता, ही तेराची नाही."

"न्हाईच की. अकरा संपायचीत अजून."

"तिला माहीत आहे?"

अनितानं मागं वळून खोलीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कसं सांगू? किंक्रांतीची हाय ती. सक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कोपीत. करीच्या दिवशी जन्मली असं कुणी पोरीला सांगतं व्हय? तुम्ही तारीख लावली तवा मला बरंच वाटलं. सुटले म्हणलं." तिनं फोन माझ्याकडं सरकवला. "तुम्ही बदला की फोनात. खरी घाला. तिला कळू द्यू नका. आन् आधारला हात लावू नका बरं का, दाखला, शिष्यवृत्ती समदं त्याच्यावर हाय."

"आधारला नाही लावत."

"आताच करा. अंघोळीला गेलीय ती."

तारीख बदलायची जागा मी शोधून काढली. दिवस, महिना, साल अशा तीन पट्ट्या. बोट लावलं की फिरतात. साल फिरवायला बोट टेकवलं आणि तिथंच थांबलं. पहिल्यांदा तारीख लावली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती, विचारण्यासारखी नव्हती. आता होती. तरी पुन्हा तिच्यामागं आम्ही दोघं मोठी माणसं तिचं वय ठरवत बसलो होतो.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. धनश्रीला अ‍ॅप हवं आहे. तेच, गप्पांचं. चौथ्यांदा. वीस पावलांवरून.

"धनश्री, इकडं ये जरा."

"गुरुजी, न्हाई न्हाई, तिला कशाला..." अनिता हात हलवत राहिली, पण मी हाक मारून बसलो होतो.

ओले केस आणि पाठीमागं धरलेला फोन घेऊन धनश्री आली.

"हे अ‍ॅप तुला कशाला पाहिजे?" मी विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "न्हाई तर न्हाई. एक जूनला माझं मी घेणार हाय. मला बी मेसेज आलाय."

"बघा! बघा हिचं तोंड," अनिता उठलीच. मी तिला हातानं बसवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज बारीक निघाला.

"एक जून तुझा वाढदिवस नाही, धनश्री. ती तारीख मी लावली. तू लहान होतीस, तुला शाळेत घ्यायचं होतं, म्हणून मी तुला मोठं लिहिलं. तुझी खरी तारीख दोन हजार चौदाच्या जानेवारीतली आहे."

तिनं आईकडं पाहिलं. अनितानं मान खाली घातली. मग धनश्रीची बोटं चालू लागली. मी शिकवली तशीच, पेरावर अंगठा ठेवून.

"म्हंजी मी अकरा वर्षं चार महिन्यांची?"

"हो."

ती रडेल, नाहीतर चिडेल, अशी मी तयारी केली होती. तिनं विचारलं, "मग अकराला किती पायजे?"

"काय किती?"

"उंची."

मला काही कळेना. मग तिनं एका दमात सांगितलं. वर्गातल्या पोरी तिला बारकी म्हणतात. प्रार्थनेच्या रांगेत ती कायम पहिली. त्यांना फ्रॉक आखूड होतात, हिचा गेल्या वर्षीचा येतो. त्या आपसात जे बोलतात ते हिला अजून झालेलं नाही. तिनं नेटवर पाहिलं तर तेराव्या वर्षी दीडशे सेंटिमीटर पाहिजे होते आणि ती एकशे एकोणचाळीस. तिच्या आकड्याला तिथं लाल रंग होता.

"मला वाटलं माझ्यात कायतरी बिघाड हाय. आईला सांगितलं तर डॉक्टरकडं जायला तिची सुट्टी मोडंल. म्हणून लटकत व्हते. पण काय फरक न्हाई. मग माझी मैत्रीण गौतमी, तिच्या आईच्या फोनवर एक जाहिरात आली. उंचीचा डॉक्टर. आम्ही त्याला मेसेज केला."

"आम्ही म्हणजे?"

"मी आन् गौतमी. तो म्हणला, तीन महिन्यांत सहा इंच. फक्त दुसऱ्याच्या फोनवरनं न्हाई, तू तुझ्या फोनात ते अ‍ॅप घे. आन् फोटो पाठव. समोरनं आन् बाजूनं. मापासाठी. आईला आत्ताच सांगू नको म्हणला, उंची वाढल्यावर सरप्राईज दे."

अनितानं पुढं होऊन लेकीचं मनगट धरलं.

"पाठवलास?" तिनं विचारलं. "धनू, फोटो पाठवलास?"

"न्हाई. अ‍ॅपच मिळत नव्हतं ना. गुरुजी न्हाई म्हणत व्हते." मग ती जरा थांबून म्हणाली, "एक जूनला पाठवणार व्हते."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडं माझी नजर गेली. अकरा दिवस. कुलूप आणखी अकरा दिवस टिकणार होतं. आणि ज्या काळजीपायी ही पोर त्या माणसापर्यंत गेली, ती काळजी मीच शाळेच्या रजिस्टरात निळ्या शाईनं लिहून ठेवली होती. धुरपदा न विचारता पाणी घेऊन आली. आधी अनिताला दिलं.

"त्याला काय काय सांगितलंस?" मी विचारलं.

"नाव. आन् कारेगाव."

"शाळा? घर?"

"न्हाई. विचारलं व्हतं त्यानं. मी म्हणलं अ‍ॅपवर सांगते."

"नंबर आहे गौतमीच्या आईच्या फोनात?"

"हाय. कालच परत मेसेज आलता त्याचा."

"पुसू नका म्हणावं तिला. आपण तो घेऊन चौकीत जाऊ. आजच."

अनितानं दचकून पाहिलं. "पोलिसात? पोरीचं नाव निघंल, गुरुजी."

"तक्रार त्या माणसाची आहे. तिनं काही केलेलं नाही. मी बरोबर येतो, मीच बोलतो. तो आज हिला विचारतोय, उद्या आणखी कुणाला विचारेल."

ती मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आज शिफ्टला जात न्हाई मी."

माझ्या पेटीत शाळेच्या आरोग्य तपासणीचा एक जुना तक्ता होता, तो काढला. धनश्रीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी आडवी धरली.

"पट्टी तिरकी झालीया," ती डोळे वर करून म्हणाली.

"तू टाचा टेकव."

पेन्सिलनं रेघ मारली, टेप लावली. एकशे एकोणचाळीस. तिनंच तक्त्यावर बोट ठेवलं आणि तेराची ओळ सोडून वर सरकवत अकराच्या ओळीवर आणलं. तिचा आकडा चौकटीच्या आत होता. मधल्यापेक्षा थोडा खाली, पण आत. तिनं बोट उचललं आणि पुन्हा तेरापासून सुरुवात करून परत तिथंच आणलं.

"मला बिघाड न्हाई."

"नाही. तू दीड-दोन वर्षांनी मोठ्या पोरींच्या रांगेत उभी आहेस. तुला तिथं मी उभं केलं. तेव्हा तुझ्याजवळून साप गेला होता, म्हणून केलं. पण नंतर तुला सांगायला हवं होतं, ते राहिलं."

अनिताचा फोन तिनं हातात घेतला. तारखेच्या पट्ट्या अजून उघड्याच होत्या. "मी बदलते," ती म्हणाली आणि साल फिरवलं. बारा, तेरा, चौदा. "आई, तारीख?"

अनिता भिंतीकडं बघून म्हणाली, "पंधरा जानेवारी."

"मग एवढं काय लपवायचं त्यात?"

"किंक्रांत व्हती, बाई. त्या दिवशी चांगलं काम करत न्हाईत."

"मग तू मला त्या दिवशी कशाला केलीस?"

अनिताचे डोळे भरले होते, तरी तिला हसू आलं. तिनं लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथंच राहू दिला.

धनश्री माझ्याकडं वळली. "गुरुजी, तुमच्यामुळं शाळा दीड वर्ष आधी आन् आता कुलूप दीड वर्ष जास्त. दोन्हीकडनं माझंच नुकसान."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही दर वेळी 'नाही' दाबायच्या आधी हाक मारायची."

"मारेन."

फोननं पालकाचा पासवर्ड मागितला. अनिता चपला शोधत होती, गौतमीच्या घरी आधी जायचं की चौकीत असं मला विचारत होती. मी सवयीनं हाताचा आडोसा केला आणि अक्षरं टाकली. मग वर पाहिलं. धनश्री माझ्याकडं बघतच नव्हती. चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघेखाली ती पुन्हा ताठ उभी होती, आणि मान वाकवून स्वतःच्या टाचा जमिनीला टेकल्यात की नाही ते बघत होती.