दुखेल तेव्हा दाबा

गाडी शिकवणाऱ्यांत मास्तरांसारखा थंड माणूस दुसरा नव्हता. बावीस वर्षं ते शिकाऊ लोकांच्या शेजारी बसत आले होते, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. एवढ्या काळात त्यांच्या गाडीने दोन कुंपणं, एक टपालपेटी आणि एका न्हाव्याच्या दुकानाची पायरी यांची भेट घेतली होती. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, तेव्हाही मास्तर गाडी चालवणाऱ्या बाईंना एवढंच म्हणाले होते, "आता रिव्हर्स घ्या. सावकाश."

अशा माणसाच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत कोणीतरी मूठ आवळावी तसं यायचं, दोन मिनिटं मुक्काम करायचं आणि निघून जायचं. बायकोने त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, पुढच्या दोन दिवसांत रक्त तपासलं, फिरत्या पट्ट्यावर चालवून चालवून घाम काढला. सगळं उत्तम निघालं.

"हृदय ठणठणीत आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

आनंद व्हायचा सोडून मास्तरांना राग आला. छाती धरून आलेल्या माणसाला ठणठणीत म्हणणं हा त्यांना सरळसरळ अपमान वाटला. "मग दुखतं ते काय शेजाऱ्यांचं?"

"दुखतं तुमचंच, आणि खरंच दुखतं. कधी दुखतं ते आता बघू." असं म्हणून बाईंनी त्यांच्या छातीवर पाच वायरी चिकटवल्या आणि कमरेला एक डबी अडकवली. डबीला लाल बटण होतं. "चोवीस तास काढायचं नाही. दुखेल तेव्हा बटण दाबा, आणि त्या वेळी काय करत होतात ते या वहीत लिहा."

हे झालं बुधवारी सकाळी. आता घरातली दुसरी भानगड सांगायला हवी. मास्तरांची एकुलती एक लेक गुरांची डॉक्टर झाली होती. तिला दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब नोकरी लागली होती, गोठ्यागोठ्यांतून गाडीने फिरण्याची. लायसन्स नसेल तर नोकरी नाही. लायसन्सच्या परीक्षेचा अर्ज शुक्रवारी भरायचा होता, आणि त्या अर्जावर शिकवणाऱ्याची सही लागत होती, की शिकाऊ तयार आहे म्हणून. सही करणारे मास्तर. मास्तर म्हणत होते, ती अजून कच्ची आहे.

इतर लोक दोन महिन्यांत शिकून जायचे. लेकीला सातवा महिना चालू होता. दर शिकवणीनंतर मास्तर मान हलवायचे, "क्लचवर अजून हात बसला नाही." क्लच पायाने दाबतात हे लेकीला ठाऊक होतं, पण बापापुढे काय बोलणार.

तर डबी लावून मास्तर कामावर गेले. सकाळी दातांचे एक डॉक्टर आले. एकेरी रस्त्यात उलटे घुसले आणि समोरून आलेल्या बसला बघून त्यांनी स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांनी ब्रेक दाबला. बटण दाबायची काही गरज पडली नाही. दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका सिग्नलला झोपल्या. मास्तरांनी त्यांना हाक मारून उठवलं. छाती अगदी शांत होती.

चार वाजता लेक गाडी चालवायला बसली. बारा मिनिटांनी मास्तरांनी पहिल्यांदा बटण दाबलं, आणि पाच वाजेपर्यंत आणखी पाचदा. वहीत प्रत्येक वेळेपुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "काही नाही. बसलो होतो."

गुरुवारी डबी परत करायला सगळं कुटुंब निघालं. गाडी लेकीने चालवली, मास्तर शेजारी, बायको मागे. डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून टेबलावर पसरला.

"सहा वेळा दाबलंय. सहाही वेळा ठोके व्यवस्थित. आणि सगळं चार ते पाचच्या मध्ये. तेव्हा काय करत होतात?"

"बसलो होतो."

"माझी शिकवणी होती," लेक म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला. "म्हणजे माझ्या गाडी चालवण्याने बाबांना दुखतं?"

डॉक्टरीणबाई मास्तरांकडे वळल्या. "इतकी भयंकर चालवते?"

मास्तरांनी नुसता घसा साफ केला. पण बायको त्यांना सव्वीस वर्षं ओळखत होती. शिकाऊ माणूस कोणीही असो, मास्तर शिकवणीभर एक कार्ड भरायचे, वेळ टाकून. चुकलं की फुली, जमलं की बरोबरची खूण. तोंडाने काय वाटेल ते बोलले असतील, कार्डावर आजवर खोटं लिहिलेलं नव्हतं. लेकीला मात्र सात महिन्यांत एकही कार्ड दाखवलं नव्हतं. बायकोने सरळ त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि कालचं कार्ड टेबलावर ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी आलेखाशेजारी कार्ड धरलं. "चार बारा. बटण."

"चार बारा," लेक वाचू लागली. "उलटं पार्किंग, एका दमात. बरोबर."

"चार एकवीस."

"चढावर गाडी उचलली, एक इंचही मागे नाही. बरोबर." तिचा आवाज बारीक होत गेला. "चार तेहतीस. बस आडवी आली, माझ्या आधी तिने ब्रेक दाबला. बरोबर. खाली दोन रेघा मारल्यात."

पुढच्या तीन वेळा वाचायची कोणाला गरज वाटली नाही. कार्डावर एकही फुली नव्हती. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. आपण चोरी करताना पकडले गेलो आहोत आणि ती चोरी काय होती हे आपल्यालाही आत्ताच कळतं आहे, असं त्यांना झालं होतं.

"तू चुकलीस की मला बरं वाटायचं," ते शेवटी म्हणाले. "वाटायचं, चला, अजून एक महिना घरात आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, मग सांगितलं, की मनावर ताण आला की छातीचे स्नायू असे आवळतात, दुखणं वेगळं वाटलं किंवा थांबलं नाही तर लगेच यायचं, आणि बाकीचं औषध माझ्याकडे नाही.

बाहेर आल्यावर मास्तरांनी बॉनेटवर अर्ज ठेवला आणि सही केली. एरवी त्यांची सही कोंबडीचा पाय वाटायची. आज त्यांनी ती पूर्ण नावानिशी केली. करताना दुखलं, तरी पेन उचललं नाही.

तिघं गाडीत बसले. लेकीने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बाबा, मलाही दुखतं."

"कुठे?"

"तिथेच. आत्ता तुम्ही सही करत होतात तेव्हा तर फारच. मला वाटत होतं, तुम्ही नाहीच म्हणाल, मग मला जावंच लागणार नाही."

गाडी उभी होती, तरी मास्तरांचा पाय आपल्या ब्रेकवर गेला.

"मला तर तिच्या नोकरीचं पत्र आलं त्या दिवसापासून दुखतंय," मागून बायको म्हणाली.

दोघं एकदम वळले. "अगं, मग बोलली का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"कधी बोलणार? तुमच्या तपासण्या संपतील तर ना. आज रक्त, उद्या पट्टा, परवा डबी. आणि तुम्ही निदान रोज तासभर तिच्या शेजारी बसत होतात. मला तेवढंही कोण देणार होतं?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त शेवटच्या शब्दावर ती पदराशी चाळा करू लागली. मास्तर खाली उतरले, मागचं दार उघडून बायकोशेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात धरला. लेकही मागे आली. तीन माणसांना ती सीट जरा अपुरीच होती.

थोड्या वेळाने पार्किंगचा रखवालदार आला आणि काचेवर टकटक करून त्याने विचारलं, की गाडी कोण चालवणार आहे.

"ही," मास्तर म्हणाले. "तिला येते. पण जरा थांबा."