एका कोरचा आकडा

मिस्त्रींच्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाइकाची वायर ती गिऱ्हाइकाची. वस्तू दुकानात आली की तिच्यासोबतची वायर गुंडाळायची, नावाची चिठ्ठी चिकटवायची, वरच्या फळीवर ठेवायची. काम करायचं ते आपल्या वायरीवर. रेडिओच्या जमान्यात घातलेला हा नियम. पुढे टीव्ही आले, लॅपटॉप आले, नियम जागचा हलला नाही. चाळीस वर्षांत एकाची वायर दुसऱ्याकडे गेली नाही, हे मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. समोरचा जांभया देत असला तरी ऐकवत.

त्यांच्या मुलाने या धंद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुनेने मात्र लग्नानंतर वर्षाच्या आत अर्धं टेबल बळकावलं. मिस्त्रींना बारीक स्क्रू दिसेनासे झाले तसे लॅपटॉप सगळे तिच्याकडे गेले. शिक्का आणि सही तेवढी मिस्त्रींची.

अशात घरांचे आराखडे काढणाऱ्या एका ऑफिसचं काम आलं. वीस लॅपटॉप, सगळे एका जातीचे, आठ-नऊ वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेले. ऑफिसच्या मुख्य बाईंनी त्यातला एक पाठवला आणि सांगितलं, "आमचा नवा प्रोग्रॅम प्रोसेसरचा एकच कोर वापरतो. एका कोरच्या चाचणीत सहाशेच्या वर आकडा आला तर वीसही मशीन तुमच्याकडे, साफसफाई, दुरुस्ती, सगळं. नाही आला तर भंगारात."

"दोन कोर आहेत ना याला? मग बाई एकाचंच काय घेऊन बसल्या?" मिस्त्रींनी सुनेला विचारलं.

"बाबा, घरात माणसं किती का असेनात, सुईत दोरा एकालाच ओवावा लागतो. हा प्रोग्रॅम तसला आहे."

एवढं मोठं काम दुकानात आजवर आलं नव्हतं. सुनेने पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, बाकीचं सगळं बंद केलं आणि चाचणी चालवली. आकडा आला तीनशे अकरा. पुन्हा केली, तीनशे बारा. पुन्हा तीनशे अकरा.

"मरतुकडं आहे झालं," मिस्त्री म्हणाले. "शितावरून भाताची परीक्षा. लिही तीनशे अकरा."

तिने लिहिलं, मिस्त्रींनी सही ठोकली, कागद ऑफिसात पोचला. पण सून रात्री नीट जेवली नाही. "गरम होऊन दमलेलं मशीन हळूहळू खाली येतं, बाबा. हे पहिल्यापासून एकाच जागी अडलंय. कुणीतरी कान धरून बसवल्यासारखं."

सकाळी लॅपटॉप परत करायचा म्हणून तिने फळीवरून त्याचा चार्जर काढला आणि चालतो की नाही ते बघायला लावला. मशीन सुरू झालं. रोज दिसणारी पिवळी सूचना आज आलीच नाही.

सूचना कसली? तर 'हा चार्जर ओळखीचा नाही' अशी. दुकानाच्या चार्जरवर काहीही लावलं की ती यायची, आणि सासरा असो की सून, न वाचता एंटर दाबून पुढे जायचे. हाताला सवयच पडली होती. पुढचं वाक्य कुणी वाचतंय! पुढे लिहिलेलं असायचं, की अनोळखी चार्जरवर मशीन वेग कमी करून चालेल.

तिने चाचणी लावली. पंखा घुमला. सहाशे चौऱ्याहत्तर.

"अगं बाई!" ती ओरडलीच. मग घड्याळाकडे बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसात भंगारवाला अकराला येणार, असं बाईंनी काल कळवलं होतं.

दोघं धावतपळत पोचले तेव्हा टेम्पो दाराशी उभा होता आणि एकोणीस लॅपटॉप खोक्यांत भरून झाले होते. वाटेत मिस्त्री म्हणाले होते, "फेरतपासणी करायचीय एवढंच सांगू." ती म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" आणि आत शिरताच बाईंना म्हणाली, "थांबवा ते. कालचा आकडा चुकीचा होता. चाचणी मी केली, चूक माझी. चार्जर आमचा लावला होता."

आराखडे काढणाऱ्यांतला सगळ्यांत वयस्कर नकाशेवाला टेबलावरून मान वर करून हसला. "मिस्त्री, पोरीच्या हाती दुकान दिलंत. भोगा आता."

मिस्त्रींचे कान तापले. गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. नियम शाबूत, चाळीस वर्षं शाबूत. सुनेने चार्जरचं सांगितलं, पण तो कुणाच्या हट्टापायी लावला ते सांगितलं नव्हतं. सासऱ्याला तिने मुद्दाम झाकून घेतलं होतं. हे कळलं आणि म्हाताऱ्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तिची नाही हो," ते पुढे होऊन म्हणाले. आवाज जरा चढलाच. "गिऱ्हाइकाची वायर वापरायची नाही, हा नियम माझा. जुना झाला, मला कळलं नाही. काल सही ठोकली तीही मीच. आणि चूक शोधून काढली ती हिने."

नकाशेवाल्याने मान खाली घातली. बाई खोक्यापाशी गेल्या, मधलाच एक धुळकट लॅपटॉप आणि त्याचा चार्जर उचलून सुनेपुढे ठेवला. "हाताच्या कांकणाला आरसा कशाला? इथंच लावा."

चाचणी संपेपर्यंत टेम्पोवालासुद्धा आत येऊन उभा राहिला. मिस्त्रींनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. ते सुनेच्या तोंडाकडे बघत होते. सहाशे एकोणसत्तर. ती हसली आणि त्यांना आकडा न वाचताच कळला.

"टेम्पो परत पाठवा," बाई म्हणाल्या. "वीसही मशीन यांच्याकडे. आणि मिस्त्री, चार्जरसकट न्या हं!" सगळं ऑफिस हसलं. मिस्त्री सगळ्यांत मोठ्यांदा हसले.

परतताना पहिले दोन लॅपटॉप सुनेने घेतले आणि चार्जरची पिशवी मिस्त्रींनी हिसकावून घेतली. ती नको नको म्हणत होती. दुकानाच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्याने हाक मारली, "काय मिस्त्री, या वयात सुनेची हमाली?"

मिस्त्री थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, छाती काढली.

"सुनेची नाही रे. आमच्या दुकानाच्या मिस्त्रींची. मी हाताखालचा."