फोटोच्या बाहेर

"खुशबूसाठी एक कंप्युटर बनवू म्हणतो," संघपाल जेवता जेवता म्हणाला. "गेमचा. तयार घेतला तर लय महाग पडते. सामान आणून घरीच जोडू."

खुशबूचा घास हातातच राहिला. अकरावीतल्या दुसऱ्या कुठल्याही पोरीनं उडी मारली असती. तिच्या मनात मात्र एकच आलं, या माणसाला आपल्याकडून हवंय तरी काय?

संघपाल तिचा सावत्र बाप. तिचे वडील वारले तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. पुढे काही वर्षांनी तिच्या आईनं, दिव्यानीनं, संघपालशी लग्न केलं. दिव्यानी सावली गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स, तो वीज मंडळात लाइनमन. त्याचं पहिलं लग्न मोडलेलं होतं. त्या लग्नाचा मुलगा कोरपन्याला आईजवळ राहतो आणि बापाशी धड बोलत नाही, इतकंच खुशबूला माहीत होतं. संघपालला ती काका म्हणायची. मला बाबा म्हण, असं त्यानं कधी सुचवलंसुद्धा नाही. तिला तेही खटकायचं.

"तुम्हाले कोणं सांगतलं का मले कंप्युटर पाह्यजे?" तिनं विचारलं.

"आईजवळ बोलली होतीस ना मांगं. ऐकलं मी."

म्हणजे आपलं बोलणं हा चोरून ऐकतो. खुशबूनं मनात नोंद केली.

तिची मैत्रीण निशात, बाजारातल्या कापड दुकानदाराची मुलगी. तिनं तर आगीत तेलच ओतलं. "कंप्युटरमधी काहीतरी टाकून देतीन. तू कोणाशी बोलते, काय पाहते, सगळं त्याहिले दिसन. माह्या मामानं त्याच्या पोराच्या, ताबिशभैयाच्या, लॅपटॉपमधी असंच केलं होतं."

संघपालला मोबाइलवर साधा मेसेज लिहायचा असला तरी तो एका बोटानं अक्षर शोधत बसायचा. तो कसलं काय टाकणार? पण काही दिवसांतच खुशबूला चक्रावून टाकणारं दिसू लागलं. या माणसाला अचानक सगळं कळायला लागलं होतं. ग्राफिक्स कार्ड जुनं चालेल, पण वीज देणारा डबा, एसएमपीएस, नवाच हवा. प्रोसेसर अमुक पिढीचा घेतला तर पैसे वाचतात. रॅमच्या दोन पट्ट्या एका पट्टीपेक्षा बऱ्या.

"कोण सांगते तुम्हाले हे?"

"आहे एक ओळखीचा."

नाव नाही, गाव नाही. फोन आला की तो घरामागं धानाच्या बांधीकडे जायचा. खुशबू कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या दाराशी उभी राहायची. शब्द कळायचे नाहीत, पण तो हसताना ऐकू यायचा. घरात तो असा कधी हसत नसे. आणि काम संपूच नये असं त्याचं चाललं होतं. एका फेरीत येणारं सामान तो तुकड्यातुकड्यानं आणत होता. आज बोर्ड, मग पंधरवड्यानं रॅम. कॅबिनेट तर एसटीत मांडीवर घेऊन आला, लहान लेकरू आणावं तसं.

तिनं आईला सांगितलं, "काकाचं बाहेर कुठंतरी चालू आहे."

दिव्यानी भाजी निवडत होती. तिचे हात क्षणभर थांबले. मग म्हणाली, "तुह्याशी कोणी चांगलं वागलं का तुले भेवच वाटते का वं?" पण तिनं 'नाही' म्हटलं नाही, हे खुशबूच्या नजरेतून सुटलं नाही.

कार्ड घ्यायला संघपाल तिला चंद्रपूरला घेऊन गेला. जुन्या सामानाच्या दुकानात मुजफ्फरभाई नावाचे गृहस्थ बसले होते. संघपालनं कार्ड हातात घेतलं, पंख्याची पाती फिरवून पाहिली, खालचे स्क्रू कुणी उघडलेत का ते बघितलं आणि विचारलं, "हे रात्रंदिवस ते बिटकॉइनसारखे कॉइन काढाच्या कामाले लावलेलं तर नाई ना? चालवून दाखवा. अर्धा घंटा."

मुजफ्फरभाई चाट पडले. "भाऊ, आता तर लाइनमन म्हणून सांगतलं ना तुम्ही?"

"विचारून आलो," संघपाल म्हणाला आणि फोन घेऊन दुकानाबाहेर गेला. खुशबू दबक्या पावलांनी दारापर्यंत गेली. तो पाठमोरा उभा होता. "हो हो, जसं तू सांगतलं तसंच करून राह्यलो," तो म्हणत होता. मग आवाज अगदी मऊ झाला. "जेवला का तू?"

जेवला. म्हणजे बाई नव्हती. आईसाठी तिला हायसं वाटलं, पण मग एवढी लपवालपवी कशासाठी, हे कोडं उरलंच.

रविवारी सकाळी सगळं सामान तिच्या खोलीतल्या टेबलावर मांडलं. संघपालचे हात तारांना सरावलेले, जोडणी छान चालली होती. प्रत्येक भाग बसवला की तो फोटो काढून पाठवायचा. पहिल्या फोटोआधी म्हणाला, "जरा बाजूले हो बेटा." ती झाली. दुसऱ्या फोटोआधी त्यानं तिची ओढणी खुर्चीवरून उचलून पलंगावर टाकली. तिसऱ्या वेळी भिंतीवरचं तिचं शाळेचं प्रमाणपत्र दिसेल म्हणून कॅमेरा तिरपा धरला.

खुशबू कोपऱ्यात उभी राहून बघत होती. खोली तिची, टेबल तिचं, कंप्युटर म्हणे तिचा. आणि फोटोत तिचा मागमूस नको होता.

बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. संघपालनं पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. तेवढ्यात दारात कुणीतरी ओरडत आलं, विजेच्या डीपीवर जाळ दिसतोय म्हणून. संघपाल चपला अडकवून धावला. फोन टेबलावरच राहिला, आणि थोड्या वेळानं वाजू लागला. पडद्यावर नाव होतं, आयुष.

तिनं उचलला.

"बाबा, फोटो पाह्यला," पलीकडून मुलाचा आवाज घाईघाईनं सुरू झाला. "स्क्रीनची केबल तुम्ही वरच्या जागी लावली. ते बोर्डाचं आहे. खाली कार्डाचं आहे ना, आडवं, तिथी लावा."

खुशबूनं फोन कानाला धरूनच केबल काढली आणि खाली लावली. पडदा उजळला.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली.

"कोण बोलून राह्यलं?"

"खुशबू. सावलीवरून."

हे नाव त्याला माहीत असावं. त्यानं सरळ विचारलं, "कंप्युटर कोणाचा आहे?"

त्या एका प्रश्नात तिला सगळं उमगलं. फोटो, ओढणी, तिरपा कॅमेरा. 'तुहाच असन' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण एवढे दिवस कुणीतरी आपल्याशी खोटं बोलतंय म्हणून ती जळत होती. तिच्या तोंडून खोटं निघेना.

"माहा," ती म्हणाली.

फोन कट झाला.

संघपाल परतला तो घामाघूम, हाताला काजळी. उजळलेला पडदा बघून त्याचा चेहरा फुलला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं.

"आयुषचा फोन होता," खुशबू म्हणाली. "कंप्युटर कोणाचा म्हणून विचारलं. मी खरं सांगतलं."

तो पलंगाच्या कडेवर बसला. दिव्यानी स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली.

"तो माह्याशी बोलतच नोहता," संघपाल म्हणाला. "फोन केला तर हो, नाई, ठेवतो. तू आईजवळ कंप्युटरचं काढलं, म्हणून मी त्याले विचारलं का कोणता घ्याचा. तर पोरगा थांबेचना बोलाचा. तेव्हापासून मी विचारतच राह्यलो. त्याले वाटलं त्याच्यासाठी आहे. मी तसं म्हटलं नाई. पण नाई, असंही म्हटलं नाई."

"मले माहीत होतं तुम्ही त्याच्याशी बोलता," दिव्यानी म्हणाली. "हे नोहतं माहीत."

"आणि मले फोटोतून बाजूले काऊन करत होते?" खुशबूनं विचारलं. आवाज कापला, ते तिला आवडलं नाही.

संघपालनं मान खाली घातली. "तू दिसली असती तर तो बोलाचा बंद झाला असता. चुकलं माहं. तुह्याशीबी, त्याच्याशीबी."

"मंग त्याले जाऊन सांगा. फोनवर नका सांगू."

तो दुसऱ्याच दिवशी सुटी टाकून कोरपन्याला गेला. संध्याकाळी परतला तेव्हा दिव्यानीनं काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. आयुष फाटकापर्यंत आला होता, संघपालनं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, आणि एक शब्द न बोलता आत निघून गेला.

खुशबूनं कंप्युटरवर जुनी चादर टाकून दिली. निशात बघायला आली तर तिला म्हणाली, खराब आहे. संघपाल खोलीच्या दारावरून जाताना त्या चादरीकडे बघायचा नाही. जेवताना तिघंही पावसापाण्याचं आणि लाइनीचं बोलायचे.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी ती कॉलेजातून येत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आयुष बोलतो. आईकडून नंबर घेतला तुहा. म्हणजे, माह्या आईनं बाबाकडून घेतला."

"काय पाह्यजे?" खुशबू सावध झाली.

"मांगचा पंखा उलटा लागला आहे. फोटोत दिसला होता. हवा बाहेर फेकाची तर तो आत घेऊन राह्यला. कार्ड गरम होईन."

"एवढ्यासाठी फोन केला?"

"जुनं कार्ड आहे. दोन महिने शोधून काढलं होतं मी ते." मग त्यानं विचारलं, "तू लय खेळली काय त्याच्यावर?"

"एकदाबी नाई."

"काऊन?"

ती रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहिली. "पंख्यावर बाजूले बाण असते," तो म्हणाला, "तो बाण बाहेर पाह्यजे. लावला का सांग." आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर तिनं चादर काढली. पेचकस संघपालच्या पिशवीत होता. तो बाहेर ओट्यावर बसला होता, तिथं जाऊन तिनं मागितला.

"आयुषचा फोन आला होता," ती म्हणाली. "मांगचा पंखा उलटा आहे म्हणे."

संघपाल उठून उभा राहिला. "अजून काय म्हणे?"

"अजून काई नाई."

तो पेचकस शोधू लागला. पिशवीत समोरच होता तरी त्याला सापडायला वेळ लागला. दोघांनी मिळून पंखा काढला, फिरवून लावला. मग आयुषला फोटो पाठवायला खुशबूनं स्वतःचा फोन काढला आणि कॅमेरा कंप्युटरसमोर धरला. संघपाल आपणहून बाजूला सरकू लागला.

"उभे राहा ना तिथीच," ती म्हणाली.