तक्त्यातला ‘वि.’

हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने आम्हा डायलिसिस विभागातल्यांना कामाला आणखी एक माणूस दिलं नाही, व्याख्यान दिलं. ‘नोकरदार पालक आणि स्वतःची काळजी’. जोडीदाराला घेऊन यायचं, उपस्थिती सक्तीची. सक्तीने स्वतःची काळजी घ्यायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा माझ्या जागी सहा यंत्रांच्या मधे उभं करायला हवं, आणि सहाही यंत्रं एकदम केकाटायला लागली पाहिजेत.

व्याख्यान द्यायला आलेल्या बाईंचा आवाज साखर घातल्यासारखा होता. “रोज फक्त वीस मिनिटं स्वतःसाठी काढा,” त्या म्हणाल्या. मी हात वर करून विचारलं, “कोणाच्या वाट्यातून काढू?” सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. शेजारी बसलेला माझा नवरा तेवढा हसला नाही, कारण तो डायरीत टिपणं घेत होता. ‘बायकोला विश्रांती. पूर्ण. मुलांपासून दूर.’ हे मी नंतर वाचलं. तेव्हा वाचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

नवरा बस डेपोत कंट्रोलर आहे. कुठल्या ड्रायव्हरने कुठली बस कधी काढायची, याचे तक्ते तो करतो. माझी शिफ्ट संपते तेव्हा त्याची सुरू होते, त्यामुळे आमची भेट बहुतेक वेळा दारातच होते, एकाची चप्पल निघते आणि दुसऱ्याचा बूट चढतो. घर चालतं ते फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यावर. डाव्या बाजूला नावं, वर वार आणि वेळ, चौकोनात काम. थोरलीला दाताच्या डॉक्टरकडे कोण नेणार, धाकटीला शाळेतून कोण आणणार, सगळं तिथे. नियम एकच, खाली टिक केली म्हणजे वाचलं आणि मान्य आहे. दहा वर्षं आमचा संसार या टिकेवर बरा चाललाय. लोक एकमेकांशी बोलतात म्हणे.

अभयारण्यात जायचं मी ठरवलं होतं. मीच. पाच वर्षं मी ते मनात धरून होते. दिवसभर मला कोणाला ना कोणाला काहीतरी हवं असतं. पेशंटला उशी, यंत्राला फिल्टर, डॉक्टरांना रिपोर्ट, घरी आलं की मुलींना मी अख्खी. ज्याला माझ्याकडून काहीएक नको आहे असा एखादा प्राणी मला जवळून बघायचा होता. शक्यतो अस्वल. ते कोणाकडे बघतही नाही, आपलं खोदत बसतं, असं मी वाचलं होतं. त्यासाठी मी तीन रविवारच्या ड्युट्या बदलून घेतल्या आणि शनिवार-रविवारची सुट्टी मिळवली. पास महिनाभर आधी काढावे लागतात. नवरा म्हणाला, “तू काही करायचं नाहीस. सगळं मी बघतो.” मला भरून आलं, हे कबूल करते.

मग सहलीचा तक्ता फ्रिजवर लागला. शनिवार दुपार आणि रविवार सकाळ, अशा दोन फेऱ्या. नवरा, थोरली, धाकटी यांच्यासमोर दोन्ही चौकोनांत ‘जंगल’. माझ्यासमोर दोन्ही चौकोनांत ‘वि.’

आमच्या विभागात ‘वि.’ म्हणजे विशेष. ज्या पेशंटला जास्त जपायचं त्याच्या कागदावर आम्ही ते लिहितो, आणि त्याला नर्सच्या टेबलाजवळची खाट मिळते. मी तक्त्यापुढे हातात दुधाची पिशवी घेऊन उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की याने माझ्यासाठी ड्रायव्हरशेजारची पुढची सीट घेतली आहे. जिथून सगळ्यात चांगलं दिसतं ती. न सांगता. मी टिक केली, दोनदा. तीन आठवडे मी त्या टिकेच्या आनंदात होते. भडक रंग चालत नाहीत म्हणून चिखलाच्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्टसुद्धा घेतला.

शनिवारी दुपारी आम्ही गेटवर पोचलो. मुली उड्या मारत उघड्या जीपमध्ये चढल्या. खिडकीतल्या कारकूनबाईंनी ओळखपत्रं यादीशी ताडून बघितली. “एक मोठे, दोन लहान. तिघं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जरा बाजूला व्हा, ताई.”

“मी पण आहे,” मी म्हणाले.

“यादीत नाही.”

मी नवऱ्याकडे वळले. तो हसत होता. पाठीमागे भेटवस्तू लपवलेला माणूस हसतो तसा. “तुला आराम,” तो म्हणाला. “साडेतीनला मालिश सांगून ठेवलीय विश्रामगृहात. दीड तास. मग झोप काढ. उद्या सकाळीपण आम्ही तिघंच जातो, तू मस्त नऊपर्यंत लोळ.”

“मला जंगल बघायचंय.”

“अगं, पण तक्त्यात होतं की. वि. लिहिलं होतं. तू टिक केलीस.”

“वि. म्हणजे विशेष.”

त्याचं हसू हळूहळू उतरलं. “वि. म्हणजे विश्रांती,” तो म्हणाला. “आमच्याकडे ज्या ड्रायव्हरला सुट्टी असते त्याच्यापुढे लिहितात ना. वि. म्हणजे दुसरं काय असणार?”

तळपायाची आग मस्तकात जाणं हे मी आजवर नुसतं म्हणत आले होते. ते खरंच खालून वर येतं, गुडघ्यापाशी जरा थांबतं. नवरा दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसावर मनसोक्त ओरडता येतं. हा तर माझं भलं करत होता, वर माझी सही घेऊन.

“मी थांबतो, तू जा,” तो म्हणाला. कारकूनबाईंनी मान हलवली. पास नावावर आहे, बदलता येत नाही. मोठं माणूस बरोबर नसेल तर मुलींनाही सोडता येणार नाही. गेट दहा मिनिटांत बंद होईल. म्हणजे एकतर मुलींना खाली उतरवायचं, नाहीतर मी मागे राहायचं. धाकटी जीपमधून वाकून म्हणाली, “आई, तुला प्राणी बघायचा कंटाळा आहे ना? बाबा म्हणाले.”

तिघंही माझ्याकडे बघत होते आणि वाट कशाची बघत होते ते मला माहीत होतं. ‘असू दे रे, जा तुम्ही, मजा करा’, हे वाक्य हसून म्हणायचं असतं. मला ते झोपेतही म्हणता येतं. मी नुसतं “जा” म्हणाले. हसले नाही, हातही हलवला नाही. जीप वळेपर्यंत थोरली मागे बघत राहिली.

मालिशच्या खोलीत मंद दिवा होता आणि कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज सोडला होता. बाहेर खरं जंगल, आणि आत डब्यातून पाण्याचा आवाज. मालिश करणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

“अंग सैल सोडा.”

“सुटत नाही.”

“कोणाचा राग आहे?”

“नवऱ्याचा. आणि माझा. आणि एका व्याख्यानवाल्या बाईचा.”

“मग आज तेल जास्त लागणार,” त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. थोड्या वेळाने मी त्यांना विचारलं, जंगलात काय काय बघितलंय. त्या म्हणाल्या, “मी कुठली आत जाते. अकरा वर्षं झाली इथे. गाड्या पहाटे सुटतात आणि दुपारी सुटतात, आणि मागे राहिलेल्या बायका त्याच वेळी माझ्याकडे येतात.”

मी उठून बसले. “मागे राहिलेल्या म्हणजे? रोज असतात?”

“सुट्टीच्या दिवसांत चार-पाच तरी. कोणाचं बाळ लहान, कोणाची सासू थकलेली, कोणाला आराम दिलेला.” त्यांनी माझ्या पाठीला टॉवेल लावला. “तुम्हाला एवढंच जायचं असेल तर पहाटे साडेचारला खिडकीवर उभ्या राहा. जे येत नाहीत त्यांच्या जागा तिथे देतात. नव्याने नाव लिहून. एखाददुसरीच असते, पण असते.”

अर्धा तास बाकी असताना मी शर्ट घातला. तो तेलाने पाठीला चिकटला.

संध्याकाळी ते तिघं धुळीने माखून परत आले. हरणं, रानडुकरं, एक घुबड. अस्वल नाही. ते ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही. मुली आंघोळीला गेल्यावर नवरा व्हरांड्यात माझ्यासमोर बसला. त्याने चुकून विचारलं, “झाला का आराम?”

“तू मला विचारायला हवं होतंस,” मी म्हणाले.

“तक्त्यात लिहिलं म्हणजे विचारलंच ना.”

“तक्त्यात लिहिणं म्हणजे ड्युटी लावणं. मी तुझ्या डेपोतली बस नाही.”

“अगं, रोज घरी आल्यावर तूच म्हणतेस, मला काही नको, फक्त पडू दे.”

“घरी म्हणते. घरी मला काही नकोच असतं, कारण घरात जे काही असतं ते मीच केलेलं असतं. हे मला हवं होतं. पाच वर्षं. ही सहल कोणी काढली? रविवार कोणी बदलले?”

त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. मग तो म्हणाला, “मग आता मी काय करू, सांग.”

“तेही मीच सांगू?”

मी त्याला सांगितलं की पहाटे मी खिडकीवर जाणार आहे, मुलींचं आवरायचं तू बघ. जागा नाही मिळाली तर, त्याने विचारलं. तर मी त्या खिडकीपाशीच बसून राहीन, पण मालिशला जाणार नाही, मी म्हणाले.

पहाटे कडाक्याची थंडी होती. खिडकीशी माझ्या आधी एक जोडपं उभं होतं. कारकूनबाई त्याच होत्या. त्यांनी यादी बघून सांगितलं की एकच जागा आहे. जोडप्याचं सुरू झालं. “तू जा.” “नको, तूच जा.” “मी एकटा जाऊन काय करू?” “मग मी तरी काय करू?” शेवटी दोघंही बाजूला झाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

“एकट्या जाणार?”

“एकटी.”

“बरोबर कोण, ते लिहायचं असतं.”

“कोणी नाही,” मी म्हणाले. हे दोन शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा उच्चारले असतील. त्यांनी ते लिहून घेतले.

माझ्या जीपमध्ये पाच निवृत्त शिक्षक होते, जुने सहकारी. मला मागची कोपऱ्यातली सीट मिळाली, जिथे प्रत्येक खड्डा सरळ कण्यात जातो. शिक्षक गप्प बसणारे निघाले, त्याबद्दल मी मनात त्यांचे आभार मानले. उजाडल्यावर तासाभराने वाटाड्याने हात वर केला आणि गाडी थांबली. वीस-पंचवीस पावलांवर एक आडवा कुजका ओंडका होता आणि त्यामागे अस्वल. ते नखांनी ओंडका फोडत होतं, नाक आत खुपसून फुरफुरत होतं. त्याने एकदा मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागलं. राग होताच, तो गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

मागून दुसरी जीप आली आणि आमच्या अगदी कडेला लागली. मला न बघताच कळलं कोण ते. थोरलीने श्वास रोखल्याचं ऐकू आलं. धाकटी हळूच म्हणाली, “आई.” मग नवऱ्याची कुजबुज आली, हातभर अंतरावरून.

“अगं, धाकटीला थंडी वाजतेय. हिचा स्वेटर कुठल्या बॅगेत ठेवलायस?”

निळ्या बॅगेत. डावीकडच्या खणात, मोज्यांच्या खाली. ती बॅग त्याच्या पायाशी होती. पाचही शिक्षकांनी वळून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, “तुमच्याशी बोलतायत का ते?”

“असतील,” मी म्हणाले.

मी मान वळवली नाही. अस्वलाने ओंडका दोन्ही पंजांत धरून उलटा केला. बऱ्याच वेळाने शेजारच्या जीपमधून नवऱ्याच्या जाकिटाची चेन उघडल्याचा आवाज आला.